धाकट्या ओळीचं बलुतं

डॉक्टरांचं काय बुवा, मजा आहे, असं जो कोणी म्हणेल त्याला मी आमच्या औंढ्याच्या ओसरीवर आठ दिवस आणून बसवीन. दोन्ही वेळा जेवायला घालीन. मात्र दार वाजलं की उठायचं त्यानं.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान सोपानराव, औंढ्याचेच. पुण्याला डॉक्टरकी शिकले आणि लोणावळ्याच्या बाजारात पाटी लावायची सोडून गावात येऊन बसले. का, तर म्हणे गावाचे उपकार. गावानंही ते उपकार व्याजासकट वसूल केले. आपलंच पोर, त्याला कसली फी द्यायची? कोणी दोन काकड्या ठेवून जाई, कोणी नुसताच पाया पडून. बाटलीतलं औषध पुण्याहून रोखीनं आणावं लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि एवढं करून तोंडं सुरू, की डॉक्टर काय, पैशात लोळत असेल.

माझे वडील लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून. ड्यूटी संपली की टोपी खुंटीला अडकवायचे आणि मग ते आमचे. काम कोणाचंही असो, ते कधीतरी संपतं, अशीच माझी समजूत होती. लग्न होऊन औंढ्यात आले आणि ती समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली.

मी सांगतेय त्या वर्षी लोणावळ्यात एका शेटजींनी धर्मादाय दवाखाना काढला आणि आमच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ठरलेला पगार, ठरलेल्या वेळा, राहायला दोन खोल्या. हाताखाली कंपाउंडर, जखमा बांधणारा ड्रेसर आणि आया, सगळी पगारी. मला तर ते ऐकूनच झोप लागल्यासारखं झालं. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघं धड एक अख्खी रात्र झोपलो नव्हतो. डॉक्टरांच्या छातीत अधूनमधून कळ येई, ती ते हसण्यावारी नेत. तिथं गेलो तर हा माणूस जगेल आणि मीही माणसात येईन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण यांचा पाय गावातून निघेना. शेवटी यांनी एक तोड काढली. गावात ज्यांचा शब्द चालतो त्या चुलतसासऱ्यांना, दत्तोबा आबांना जाऊन म्हणाले, "आबा, मला गावाच्या बलुत्यात घ्या. तेवढ्यात माझं भागेल. घेतलंत तर राहतो, नाहीतर लोणावळ्याला जातो."

बलुतं म्हणजे गावाच्या कारागिरांचा वाटा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी वर्षभर गावाचं काम करतात आणि खळ्यावर भात झोडलं की प्रत्येक शेतकरी त्यांना त्यातलं धान्य घालतो. त्या वाट्याच्या तीन ओळी. ज्याचं काम जड तो थोरल्या ओळीत, मग मधली, मग धाकटी. आता डॉक्टर कुठल्या ओळीत बसतो, हे आजवर कुणी ठरवलेलं नव्हतं. म्हणून सुगीआधी भैरोबाच्या देवळात गाव बसलं. मी भैरोबाला नारळ बोलले होते, या लोकांना नाही म्हणायची बुद्धी दे म्हणून.

आम्ही बायका मागं खांबाआड बसलो. माझ्या शेजारी बजरंग सुताराची बायको सरुबाई होती. पुढं बजरंग उभा राहिला आणि त्यानं तोफ डागली.

"नांगरटीच्या दिसात मी तांबडं फुटायच्या आदी वाकस-करवत हातात घेतो, ते दिवं लागंस्तवर. आन ह्यो डॉक्टर? नळी लावतो, डोळं मिटतो आन म्हनतो, जीब दाव. जीब तर आमची म्हातारीबी बघती."

देऊळ हसलं. मग न्हावी म्हणाला, "माज्याकडं गिऱ्हाईक बसल्यालं, आन मी उबा. ह्येंच्याकडं रोगी उबा, आन ह्ये खुर्चीत. मग जड काम कुनाचं, तुमीच सांगा."

पुन्हा हशा. कोणीतरी मागून ओरडलं, "आन ज्या दिशी कुनी आजारी न्हाई पडलं त्या दिशीचं बलुतं कशाचं द्यायचं?"

माझं डोकं तापत चाललं. गाव नाही म्हणावं हीच माझी इच्छा होती, पण असं नव्हे. ज्यांच्या घरची माणसं यांनी मरणाच्या दारातून ओढून आणली होती, तेच दात काढून हसत होते.

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. शांतपणे सांगत गेले. सकाळी ओसरीवरचे रोगी, मग पायी वलवण, कधी पार लोहगडवाडी, परत येतात तो संध्याकाळची गर्दी, आणि रात्रीचं बोलावणं वेगळंच. शेवटी म्हणाले, "बजरंगदादा, तुमचा नांगर रात्री मोडत नाही. आणि मोडलाच तर सकाळपर्यंत मरत नाही."

बजरंग मान हलवत खाली बसला. खोटं कशाला बोलू, माझी छाती अभिमानानं भरून आली. नारळ बोललेला विसरून मी मनात म्हणाले, आता द्या थोरली ओळ, बघू कोण नाही म्हणतो.

दत्तोबा आबांनी पटका सारखा केला. "तुजं म्हननं पटलं, सोपान. पर बलुतं येकल्या गड्याचं नसतं, घराचं असतं. लोहारीन भाता वढती. कुंभारीन माती तुडवती. न्हावीन बाळंतपनं करती. त्यांचं काम धरूनच वळ ठरती. तुज्या घरातली काय काम करती?"

साधा प्रश्न होता. आणि या माणसानं क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं.

"तिचं काय, आबा? ती घरीच असते."

घरीच! सकाळी चूल पेटली की भाकरीच्या आधी पातेल्यात कात्र्या आणि पिचकारी उकळायची कोणी? जुनी धोतरं फाडून, धुऊन, उन्हात वाळवून पट्ट्या गुंडाळायच्या कोणी? बाटल्या विसळायच्या, औषध कालवायचं, डोसांच्या खुणांच्या कागदी पट्ट्या कातरून खळीनं बाटलीवर चिकटवायच्या, हे कोण करतं? गळू कापताना पोरांची डोकी मांडीवर दाबून धरायची, त्यांनी चावलं तरी सोडायचं नाही. रात्री दार उघडायला आधी उठायचं ते मी, कारण यांना तेवढंच दोन मिनिटं जास्त पडायला मिळावं. आणि हे लोहगडवाडीला गेले असताना कोणी भाजून, कापून घेऊन आलं, तर ते काय ओसरीवर बसून यांची वाट बघत होतं?

सरुबाईनं मला कोपरानं ढोसलं. "आगं बया, माज्या ल्येकाचा हात तू बांदलास की! बोल की!"

मी बोलले नाही. गावच्या सुनेनं देवळात चुलतसासऱ्यापुढं तोंड उघडायचं नसतं. पण गाव हसलं तेव्हा आला नव्हता तेवढा राग त्या एका वाक्याचा आला.

आबांनी निकाल दिला. "मग येका मानसाचं काम, येका मानसाचा वाटा. धाकटी वळ."

आणि आमच्या डॉक्टरांनी हसतमुखानं हात जोडले. वरची ओळ हातात आली होती, ती स्वतःच्या तोंडानं घालवली, आणि त्याची यांना खबरही नव्हती.

घरी आल्यावर मी भाकरी वाढली आणि विचारलं, "अहो, तिथं माझं नाव का नाही घेतलंत?"

"कशाबद्दल?" यांना खरोखरच कळलं नव्हतं. मग मी सांगितलं. हे म्हणाले, "अगं, ते घरचंच काम. तू काय नोकरी करतेस होय? आणि ओळ कुठली का असेना, गावानं आपल्याला आपलं म्हटलं. उद्या लोणावळ्याला जाऊन त्या दवाखान्याच्या मॅनेजरला सांगून ये, डॉक्टर येत नाहीत म्हणून. मला कुठला वेळ व्हायला?"

मला होता ना वेळ! मी घरीच तर असते!

दुसऱ्या दिवशी मी तणतणत लोणावळा गाठलं. रस्ताभर स्वतःशीच भांडत होते. एक माणूस गावाला पुरा पडतो असं गावाला वाटत होतं, आणि त्या माणसालाही तसंच वाटत होतं. त्या शेटजींच्या दवाखान्यात गेले तर कंपाउंडर बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवत होता. आया पातेल्यात कात्र्या उकळत होती. मी दारातच थबकले. माझंच काम दोघंजणं करत होती, आणि दोघांनाही महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता.

मॅनेजरनी निरोप ऐकून कपाळाला हात लावला. "आता दुसरा डॉक्टर शोधायचा. बायकांच्या खोलीला ड्रेसरही मिळत नाही. पुरुषमाणसाकडून पट्टी बांधून घ्यायला बायका तयार होत नाहीत."

"डॉक्टर यायचे नाहीत," मी म्हणाले. "ड्रेसर हवी असेल तर मी आहे."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "कुठं काम केलंय?"

"औंढ्यात. बिनपगारी."

पुण्याहून आठवड्यातून दोनदा एक म्हातारे डॉक्टर येत, ते नेमके तिथं होते. त्यांनी एका बाईच्या पाठीवरचं कापलेलं गळू माझ्या हवाली केलं. मी हात धुतले, जखम धुतली, कापडाची वात भरली, पट्टी बांधली. त्यांनी गाठ ओढून बघितली आणि मॅनेजरला म्हणाले, "उद्यापासून येऊ दे." आठ ते चार, महिना बावीस रुपये. आमच्या डॉक्टरांच्या हातात महिन्याकाठी रोख बावीस रुपये पडले, तर त्या दिवशी आमच्याकडे पुरण शिजलं असतं.

घरी सांगितलं तेव्हा मात्र आमचे शांत डॉक्टर उसळले. "डॉक्टरची बायको दुसऱ्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणार? गाव तोंडात शेण घालील माझ्या!"

"गावाला तुम्हीच सांगितलंत, मला काही काम नसतं. मग रिकामी बाई कुठं का जाईना."

"आणि इथलं कोण बघणार?"

"इथलं काय? कालपर्यंत तर इथलं काही नव्हतंच!"

माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार. जाऊ दे गेला तर. दोन दिवसांत हौस फिटेल असं यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी जायला लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी परत आले, पाय धुतले, आणि चुलीपाशी टेकते तोच बाहेर गलका झाला. वरच्या वाडीतला शिदू, लाकडं तोडताना कुऱ्हाड घसरून पायाला लागलेली. दत्तोबा आबा आणि आणखी दोघं त्याला उचलून घेऊन आले होते. मी उंबऱ्यातून पाहिलं. जखम मोठी होती, जिवावरची नव्हती. तशी असती तर मी उठलेच असते.

"मुक्ता, पाणी उकळायला ठेव!" ओसरीवरून हाक आली.

"माझं काम चार वाजता संपलं," मी आतूनच म्हणाले.

हे आत आले. माझ्याकडं बघितलं, मग पातेल्याकडं. पातेलं धुतलेलं नव्हतं. यांनी ते घासलं, पाणी ठेवलं, चुलीत लाकूड सारताना हात भाजून घेतला. पट्ट्या संपल्या होत्या. त्या आपोआप तयार होत नाहीत, हे यांना त्या दिवशी कळलं. स्वतःचं धोतर फाडत बसले. तोवर शिदू बाहेर कण्हत होता आणि माझे हात उठत होते. ते हात मी मांडीखाली दाबून बसले. आयुष्यात तेवढं जड काम मी कधी केलं नसेल. पण या वेळी मी उठले असते, तर जन्मभर घरीच असणार होते.

बऱ्याच वेळानं पाय बांधून झाला. पट्टी ओबडधोबड होती, पण होती. आबा सगळा वेळ ओसरीच्या कडेला बसून बघत होते. ते म्हणाले, "सोपान, आज लय वकूत लागला रं. पयले तर पापनी लवायच्या आत बांदून व्हायचं. तवा कोन बांदत व्हतं?"

मी आतून ऐकत होते.

"ही," हे म्हणाले.

"आन पानी, पट्ट्या, त्या बाटल्या?"

"ही."

"मग देवळात इचारलं तवा काय तुजी वाचा बसली व्हती व्हय?" आबांचा आवाज चढला. "आमाला काय सपान पडतं? मधली वळ तर कुटंच गेली न्हवती! त्वा गावाला खोटं सांगितलंस, सोपान. देवाम्होरं."

आबा उंबऱ्यापर्यंत आले. आत यायचा त्यांचा रिवाज नव्हता. बाहेरूनच म्हणाले, "सूनबाई, आमचं चुकलं. ह्या सालच्या खळ्यावर मधल्या वळीचा वाटा घालतो. त्यो तू यिऊन घिऊन जा. आन त्ये लोनावळं सोड."

मी पदर सारखा केला आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं.

"आबा, वाटा यांना घाला. त्यातून यांना एक कंपाउंडर आणि एक बाई ठेवावी लागेल, मग उरलं तर यांचं. मी पगारावर आहे."

हे दारात उभे होते, फाटक्या धोतरानं, हाताला राख लागलेली. मला त्यांची कीव आली, नाही कशाला म्हणू. पण राग त्या कीवेपेक्षा मोठा होता, आणि तो माझा हक्काचा होता. नवऱ्याच्या आधी कधी जेवले नव्हते. त्या संध्याकाळी मी एक ताट घेतलं, त्यात माझ्यापुरतं वाढून घेतलं आणि जेवायला बसले.