‘जाते’ कोण म्हणालं?

सोनमला स्वेटरच्या स्टॉलसाठी तिची जुनी जागा परत मिळाली. महापालिकेच्या साहेबांनी स्वतः येऊन रस्त्याकडेला खडूनं चौकोन आखून दिला. आता हे झालंच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण चार दिवसांनी साहेबांनीही तसंच धरलं.

सोनम तिबेटी. जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या निर्वासित वसाहतीतला, पण दर हिवाळा कोल्हापुरात. आईच्या स्टॉलमागं गठ्ठ्यांवर बसून ती मराठी शिकली, त्यामुळं इथल्या पोरींसारखीच ‘मी जाते’ न म्हणता ‘मी जातो, मी खातो’ म्हणायची. तिबेट तिनं कॅलेंडरवर पाहिलेलं. गेल्या साली स्टॉल गावाबाहेरच्या मैदानात हलवले होते. तिथं स्वेटर बघायला फक्त म्हशी यायच्या. त्यामुळं हा चौकोन म्हणजे तिचा अख्खा हिवाळा होता.

तेवढ्यात विजयसिंह आला. तो निर्वासितांवर संशोधन करायचा आणि राजारामपुरीतल्या एका केबल चॅनेलसाठी ‘निर्वासितांचा आवाज’ नावाचा कार्यक्रमही. कॅमेरा लावून त्यानं हळव्या सुरात विचारलं, “सोनमताई, घरी परत जावंसं वाटतं?”

“वाटतंय की! मार्चात जातोच आम्ही. उन्हाळ्यात स्वेटर कोण घेतंय?”

“तसं नव्हे. खरं घर.”

“खरंच घर हाय. औंदा पत्रा बदललाय.”

त्यानं कॅमेरा बंद केला. “ताई, जरा निर्वासितांसारखं बोला की. लोकांना वाटायचं, इथल्याच गारगोटीच्या बाई आहेत.”

“निर्वासित कसं बोलत्यात?”

त्यानं वही काढून हा प्रश्न लिहून घेतला. संशोधन त्यावरच चाललं होतं.

“बरं, एवढं तरी सांगा,” सोनम म्हणाली. “स्टॉल जुन्या जागी लागतोय. गिऱ्हाइकांनी मैदानात हुडकू नये.”

“ते तर कार्यक्रमात येणारच!”

कार्यक्रम लागला तेव्हा सोनम चहावाल्या चिमणाबाईच्या टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर तोंड सोनमचं, मागं बासरी, आणि आवाज भलत्याच बाईचा. “मी जाते,” ती हुंदका देत म्हणाली. “आता मी माझ्या घरी परत जाते.”

“तू ‘जाते’ कधीपास्नं म्हणायला लागलीस गं?” चिमणाबाईनं विचारलं.

“मी कुठं म्हणालो?”

“मग कोण म्हणालं? तोंड तर तुझंच हाय.”

सोनमनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. तोंड तिचंच होतं.

सकाळी ती गठ्ठे घेऊन जागेवर गेली, तर गल्लीतल्या बायका नारळ घेऊन उभ्या. त्यांच्यातल्या आक्कानं कुंकू लावून तिची ओटी भरली. “सुखरूप जा बाई. चीननं बोलावलं का?”

“मी कुठं जात न्हाय!”

“व्हय व्हय. निघताना समद्याच असं म्हणत्यात.”

चौकोनात कणसाची गाडी उभी होती. शेजारी साहेब कणीस खात होते.

“साहेब, जागा माझी हाय!”

“अहो, तुम्हीच काल टीव्हीवर जाते म्हणालात.”

“तो माझा आवाज न्हवता.”

“मग ज्यांचा होता त्यांना पाठवा. आणि तोंडी चालत नाही, लेखी द्या.”

सोनमनं तिथंच गठ्ठ्यावर बसून लेखी दिलं:

“विषय: आवाजाचे पुनर्वसन करणेबाबत. मा. साहेब, अर्जदाराचा आवाज कालपासून परक्या बाईच्या गळ्यात राहत आहे. तरी सदर आवाजास ताब्यात घेऊन अर्जदाराच्या मूळ गळ्यात त्याचे कायमस्वरूपी पुनर्वसन करावे, व कणसाच्या गाडीस निर्वासित घोषित करून अन्यत्र आसरा द्यावा, ही नम्र विनंती.”