सुगंधाबाईंचा आवाज

पंढरीनाथांनी मांडीवरचा कागद पुन्हा चाचपला. डोळ्यांना दिसत काहीच नव्हतं, पण त्यावर बायकोचं नाव आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

"आता आपलाच नंबर ना रे?"

"हो बाबा. हा स्पॉन्सर उतरला की आपण," निकेत म्हणाला.

स्पॉन्सर उतरायला तयार नव्हता. सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनासाठी घेतलेल्या डोंगरीजवळच्या त्या हॉलमध्ये कंपनीचा बॅनर एवढा मोठा, की फाडला असता तर उत्तनच्या साऱ्या होड्यांना शिडं पुरली असती आणि उरल्यासुरल्यात गोडदेवच्या निम्म्या खिडक्यांना पडदे झाले असते. कंपनीचा माणूस कौस्तुभ 'ओपन सोर्स', म्हणजे सगळ्यांना खुलं नि फुकट, असं इतक्यांदा म्हणाला होता, की भिंतीवरच्या पालीलाही ते पाठ झालं असावं.

तीन वर्षांपूर्वी सुगंधाबाईंनी आपला शेवटचा उन्हाळा पंखा बंद करून, घाम पुसत, माइकपुढे वाक्यं वाचण्यात घालवला. ज्यांना दिसत नाही त्यांना मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम निकेतचा, आवाज त्यांचा. चार हजार वाक्यं झाली, अडलं एकच. 'मी जाते' म्हणायला त्या काही केल्या तयार होईनात.

"भरल्या घरातून कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' लिही."

निकेतने निमूट बदललं. त्या वाक्यांवरून प्रोग्राम कुठलाही मजकूर त्यांच्या आवाजात बोलू लागला. मग त्यांच्याच इच्छेने तो आवाज जगाला फुकट दिला. त्या गेल्या, तरी रोज सकाळी पंढरीनाथांना पेपर त्याच वाचून दाखवत. आज त्यांचं नाव एकदा स्टेजवरून घेतलं जावं, एवढंच पंढरीनाथांना हवं होतं.

संयोजकांपैकी इशिता वाकून कुजबुजली, "सॉरी निकेतदादा, तुमच्या वीस मिनिटांची पाच झाली. स्पॉन्सर आहेत ना, मी काय बोलू त्यांना?"

स्टेजवर कौस्तुभने हात उंचावले. "आणि आता ऐका आमची असिस्टंट! काहीही टाइप करा, ती बोलते."

स्पीकरमधून सुगंधाबाई बोलल्या.

"नमस्कार. आमचं प्रीमियम पॅकेज आजच घ्या. मी आहे ना!"

पंढरीनाथांची मान ताठ झाली.

"हे... आपल्याला विचारलं यांनी?"

"विचारायची गरज नाही बाबा. कुणीही वापरा, असं आपणच लिहून दिलंय."

"वेळ दिल्याबद्दल आभार," आवाज गोड हसला. "मी जाते."

टाळ्या पडल्या. पंढरीनाथांची बोटं कागदावर थांबली. टाळ्या संपेपर्यंत त्यांनी त्याची चौपदरी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"निकेतदादा, चला पटकन!" इशिताने हाक मारली.

निकेत उठला. बापाने त्याचं मनगट धरलं.

"नाव नको घेऊस."

"अहो बाबा, त्यासाठीच तर आलोय आपण."

"नको. ती नव्हे ही."

काठी टेकत ते दाराकडे निघाले. इशिता मागे धावली.

"काका, निघालात? जेवून तरी..."

पंढरीनाथ उंबऱ्याशी थबकले. सवयीचा शब्द ओठांपर्यंत आला असावा. त्यांनी तो गिळला.

"जातो," ते म्हणाले.