एंगानोच्या बोलीतलं एक वाक्य

उरणचा धर्माजी आगबोटीवर खलाशी होता. १९२१ साली तो सुमात्राच्या एका बंदरातून बायको करून घेऊन आला. ती तिकडच्या एंगानो बेटावरची. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सासू ठमाबाई तिला मैना म्हणू लागली. मैना मिठागरावर कामाला जायची. हळूहळू ती गावासारखी बोलू लागली.

पुढे मुलगी झाली, केसर. तिच्याशी मैना आपल्या बोलीत बोलायची. केसरला बोलायला उशीर लागला, तेव्हा ठमाबाईने दोष त्या बोलीला दिला. मैनाने वाद घातला नाही. ती बोली तिने सोडून दिली.

१९३५ साली धर्माजीला कळलं की मुंबईच्या गोदीत लागलेल्या एका बोटीवर एंगानोचा एक तरुण आहे. त्याने मैनाला उरणजवळच्या मोरा बंदरातून मचव्यात बसवून नेलं. वाटेत ती तोंडातल्या तोंडात आपल्या बोलीतलं काहीतरी जुळवत होती.

तरुणाने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं ते मलयमध्ये, त्या मुलखातल्या बाजाराच्या भाषेत. मैनाला ती थोडी यायची. साथींत बेटावरची कितीतरी माणसं गेली, असं त्याने सांगितलं. त्याला आजीने वाढवलं, पण त्याच्याशी तीही मलयच बोलायची. मरताना मात्र ती आपल्या बोलीत एक वाक्य बोलली. तो आशीर्वाद असावा, असं तो धरून चालला होता. त्याने ते म्हणून दाखवलं.

मैनाने ते त्याच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "दार ओढून घे, पाऊस आत येतोय. एवढंच म्हणाली ती."

तरुणाने मान खाली घातली. नंतर त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. एक उच्चार चुकत होता, तो तिने सुधारून दिला. बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाने, सारंगाने, तरुणाला कामावर हाक मारेपर्यंत दोघं तेवढंच करत बसली.

परतताना तिने धर्माजीला विचारलं, "मी त्याला खोटं सांगाया पायजे व्हतं का?"

"न्हाय," धर्माजी म्हणाला. "त्याची आजी हाय ती. तिचं बोलणं कशाला बदलायचं?"

दुसऱ्या दिवसापासून मैना केसरशी पुन्हा आपल्या बोलीत बोलू लागली. केसरला विहिरीवर लाज वाटायची. घरात बोल, बाहेर नको, असं तिने आईला सांगितलं. मैनाने ते मान्य केलं. पुढे केसर थळला सासरी गेली, तेव्हा आईच्या बोलीत तिला पाणी मागता येत होतं, माशांची नावं सांगता येत होती. भांडता येत नव्हतं.