छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी केलेली काठी

मित्रांनो, मी गोल्फची एक जुनी काठी आहे. पहिला, सगळ्यांत लांबचा फटका माझ्याकडे. आमच्यात मला ड्रायव्हर म्हणतात. माझं डोकं मोठं, दांडा लवचीक आणि तोंड जरासं वर कललेलं. नवशिक्याचा नेम चुकला तरी मी सांभाळून घेते, चेंडू उंच उचलते. मला घडवलंच त्यासाठी. यात लाज वाटावी असं काय आहे, तुम्हीच सांगा.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पिटकेरन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथली इशबेल बेकरी चालवायची. तिचे वडील वॉटी जन्मभर गोल्फ खेळले, पण आता गुडघे गेले होते. वसंतातला जोडीचा सामना एकदा लेकीबरोबर खेळायचा, एवढीच त्यांची इच्छा. पुढच्या वर्षी जमणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

गोल्फच्या दुकानात इशबेलची नजर चकचकीत काठ्यांवर होती. वॉटी म्हणाले, "अगं, त्या तगड्या गड्यांच्या. तुझा हात अजून बसायचाय. ही घे, तुझ्या चुका पोटात घालेल." तिनं मला घेतलं. सगळा हिवाळा आम्ही दोघी बोचऱ्या वाऱ्यात राबलो. पहिला चेंडू सरळ गेला, तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरची माती स्वतःच्या मफलरनं पुसली. मला वाटलं, ही आता मला अंतर देणार नाही.

सामन्याच्या सकाळी क्लबाच्या खिडकीत म्हातारी खोडं चहा घेऊन बसली होती. पहिला फटका कोण कसा मारतो, हे बघायचं आणि वर्षभर चघळायचं, ही तिथली रीतच. तेवढ्यात इशबेलचा काका डूगल आला.

"या पळीनं मारणारेस? आपल्या वाऱ्यात चेंडू खालूनच गेला पाहिजे. माझी घे."

त्याची काठी सळईसारखी ताठ, तोंड सरळ.

"बाबांनी निवडलीय ही," इशबेल म्हणाली.

"तुला कच्चं लिंबू समजून निवडलीय."

तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग मला पिशवीतून उपसलं आणि दारापाशी छत्र्यांच्या कोपऱ्यात उभं केलं. मित्रांनो, केसानं गळा कापला माझा.

डूगलच्या काठीनं मारलेला तिचा चेंडू उजवीकडे वळला आणि काटेरी झुडपांत घुसला. जोडीच्या सामन्यात दोघांचा चेंडू एकच. एकानं मारला की पुढचा फटका दुसऱ्याचा. म्हणजे त्या काट्यांत आता वॉटींनी शिरायचं.

"काठी बदललीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि लंगडत निघाले.

सामना अर्ध्यावरच सोडून दोघं परतले. वॉटींचे हात ओरबाडलेले, सगळा भार लेकीच्या खांद्यावर. डूगल म्हणाला, "वाराच वाईट होता."

"पुढच्या वसंतात, बाबा," इशबेल पुटपुटली.

"पुढच्या वसंतात दुसरा जोडीदार बघ, पोरी."

मित्रांनो, पहिली काठी घ्याल तेव्हा आपला हात बघा, खिडकीतली तोंडं बघू नका. आणि शिकताना जिनं तुम्हाला सांभाळलं, तिला चारचौघांत नाकारू नका. इशबेलनं मला घरी नेलं. अजून ती मला रोज मऊ फडक्यानं पुसते. मला पुसणं नको होतं. मला त्या सकाळी वॉटींसाठी तो चेंडू उचलायचा होता.