जांभळ्या गळ्याचा पाहुणा

मित्रांनो, मी साखरपाण्याची एक जुनी बाटली आहे. माझं पोट काचेचं आणि बूड लाल. बुडाला पिवळी फुलं, प्रत्येक फुलात हमिंगबर्डची चोच जाईल एवढं भोक. माझ्या पोटात कायम गोडच असतं. पण आज मी गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं सिग्नेबाईंचं अंगण. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आकड्याला टांगलं. उन्हाळाभर लाल गळ्याचे, अंगठ्याएवढे पक्षी यायचे, एकमेकांना हुसकावत प्यायचे. सप्टेंबर सरला की सिग्नेबाई मला विसळून तळघरात ठेवत. बाटली टांगलेली राहिली तर पाखरं लोभानं इथेच थांबतात आणि गारठून मरतात, असं चर्चमध्ये कॉफीला जमणाऱ्या सगळ्या बायका ठामपणे सांगत. साफ खोटं आहे ते. दिवस लहान झाला की पाखरांना आपोआप निघायचं कळतं. मी कोण त्यांना अडवणार?

पुढे घरात सून आली, टेस. एका वर्षी तिची तान्ही आयडा खोकल्यानं बेजार होती, त्यात मला उतरवायचं राहूनच गेलं. सिग्नेबाई म्हणाल्या, "त्या बाटलीला आता लोकरीची टोपी विणू का, टेस?" टेस म्हणाली, "विणा की. पण राहू दे तिला. कुणी मागे राहिलेलं असलं तर?"

आणि नोव्हेंबरात तो आला. गळा जांभळा, आणि तो जांभळा रंग दोन्ही बाजूंनी मिशीसारखा खाली ओघळलेला. टेसनं आयडाला कडेवर घेऊन काचेतूनच फोटो काढला आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळाला पाठवला. उत्तर आलं, हा दूरच्या वाळवंटातला पक्षी, आपल्या भागात कधीच दिसलेला नाही. नोंद पक्की व्हायला गळ्याचा आणि शेपटीचा स्पष्ट फोटो हवा.

बातमी पसरली, तसं टेसनं लोकांना पाहायला येऊ दिलं. अंगणात दोरी बांधली, दोरीपलीकडून पाहा म्हणाली. बहुतेक जण शहाणे होते. कुजबुजत उभे राहत, जाताना लिंबाच्या वड्यांचा डबा ठेवून जात. मी गोठू नये म्हणून टेस अंधार पडला की मला आत घेई आणि उजाडायच्या आत पुन्हा टांगी. एवढ्याशा जिवाला थंडीत सतत खावं लागतं, हे तिनं वाचलं होतं. आयडाचं दूध आणि त्याचं पाणी, दोन्हींवर तिचं सारखं लक्ष.

मग ग्रँट नावाचा एक फोटोवाला आला, तोफेएवढी लेन्स घेऊन. टेस आयडाला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्यानं सिग्नेबाईंना सांगितलं, फोटोत बाटली वाईट दिसते, थोडा वेळ उतरवू या. सिग्नेबाईंच्या डोक्यात तीच जुनी समजूत. त्या म्हणाल्या, "काढाच. म्हणजे जाईल तरी बिचारा आपल्या गावाला."

मला उतरवून त्यानं आपल्या पिशवीत कोंबलं. आकड्याशेजारी दुकानातून आणलेलं एक लाल फूल लावलं आणि त्यात साखरपाण्याचा एक थेंब सोडला. एकच. पोट भरलं तर पाखरू परत येणार नाही ना! मी काठोकाठ भरलेली, आणि पिशवीतून मला त्याच्या पंखांचा आवाज येत होता. रिकाम्या आकड्याभोवती घिरट्या, मग फुलाकडे, मग पुन्हा आकड्याकडे. वारा सुटला होता. कॅमेरा खटखटत होता.

टेस परतली ती गाडीतून उतरतानाच ओरडली, "बाटली कुठे आहे?"

"मॅडम, फक्त पाच मिनिटं. असा फोटो पुन्हा..."

"बाटली कुठे आहे, विचारतेय मी."

तिनं एका हातानं मला टांगलं, दुसऱ्या हातात लेक रडत होती. पाहुणा लगेच आला, घाईघाईनं प्यायला, पण दिवस मावळला होता. अर्ध्या पोटी झोपायला गेला. सकाळी टेसनं मला टांगलं, तो आला नाही. देवदाराखाली सापडला. तिच्या तळहाताचा कोपराही भरला नाही.

तेवढ्यात मंडळातून फोन आला. आधी अभिनंदन, ग्रँटचा फोटो अप्रतिम, नोंद पक्की. पक्षी मेल्याचं कळल्यावर म्हणाले, टाकू नका, फ्रीजरमध्ये ठेवा, संग्रहालयाला नमुना हवा.

टेस म्हणाली, "कालपर्यंत त्याचं पोट भरलंय का, हे एकानं तरी विचारलं? आता माझ्या फ्रीजरमध्ये जागा आहे का विचारताय." तिनं फोन ठेवला.

सिग्नेबाई मोरीपाशी उभ्या होत्या. "मला वाटलं, तो निघून जाईल," त्या म्हणाल्या.

तो फोटो छापून आला. लाल फूल, जांभळा गळा, खाली ग्रँटचं नाव. नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला फूल कुठून आलं, असा प्रश्न एकालाही पडला नाही. लोक म्हणतात, राग सोडावा. मी नाही सोडला.

पुढच्या शरदात सिग्नेबाईंनी मला तळघरात नेलं नाही. स्वतःच पाणी उकळलं, साखर ढवळली. आणि थंडी पडल्यावर पुन्हा एक अनोळखी पाखरू आलं. सासूसुनेनं एकमेकींकडे पाहिलं. सिग्नेबाईंनी पडदा अर्धा ओढला. बाटलीवर कोण येतं, असं चर्चमध्ये कुणी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चिमण्या, दुसरं काय?" त्याची नोंद कुठेही नाही. मोठा बर्फ पडायच्या आत ते पोटभर पिऊन निघून गेलं.

मित्रांनो, पाहायची हौस असली तर जरूर पाहा. पण आधी त्याला खाऊ द्या आणि तुम्ही लांब उभे राहा. आणि ते दुसरं पाखरू कोणत्या जातीचं होतं, हे मला विचारू नका. सांगणार नाही.