मापाबाहेरचं चित्र

सासूबाईंना टीव्हीवरचे चेहरे ओळखू येईनासे झाले होते. बातम्या सांगणारी बाई आणि मालिकेतली सून त्यांना सारखीच दिसे, आणि त्या दोघींना सारखीच नावं ठेवत. डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेली आहे, कडेची शाबूत आहे. वस्तू पुरेशी मोठी असेल तर अजून काही काळ दिसेल. घरात सासऱ्यांची एक जुनी चित्रफीत होती. मैदानावर ते मुलांना सायकल शिकवत होते. ते चालताना-बोलताना दिसतात अशी ती एकच. नजर आहे तोवर सासूबाईंना ती पुन्हा बघायची होती.

मी नवऱ्याला म्हटलं, प्रोजेक्टर बनवू या. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या अडगळीत एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. त्याची भिंगं रीतसर मागून घरी आणली. नवरा स्वयंपाकघराची कपाटं बनवतो. खोकं करायला घरचाच सुतार होता, आणि त्याला ही कल्पना माझ्यापेक्षा जास्त आवडली. विकतचा काय, कोणीही आणेल, असं म्हणून त्याने त्याच दिवशी भावाला आणि बहिणीला फोन केले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नात्यात ते ‘वहिनींचं खोकं’ झालं.

यंत्र तसं साधं असतं. जुन्या टॅबलेटचा पडदा सोडवायचा आणि त्याच्या पाठीमागचा उजेडाचा थर काढून टाकायचा; मग तो रंगीत काचेसारखा पारदर्शक होतो. मागे प्रखर दिवा, पुढे भिंग, आणि पडद्यावरचं चित्र भिंतीवर. भिंग चित्र उलटं करतं म्हणून पडदाच उलटा बसवायचा. नवऱ्याने त्याला शीर्षासन म्हणायला सुरुवात केली. खरं काम निवडण्याचं होतं.

आधी सासूबाईंचं वाचायचं भिंग लावून पाहिलं. मधोमध बरं दिसलं, पण कडेच्या प्रत्येक रेषेला एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार आली. मग जुन्या कॅमेऱ्याचं भिंग. ते इतकं स्पष्ट की एकेक केस मोजावा, पण अर्धासुद्धा पडदा त्याच्या कवेत येईना. शेवटी ओव्हरहेडचंच ठरलं. दोन काचांचं, जड, तळहाताएवढं. त्याच्या किनारी पूर्ण गेल्या नाहीत, पण शोधल्याशिवाय दिसत नव्हत्या.

दिव्याने जास्त छळलं. हॅलोजन लावला तर पडदा तापून काळा पडला; थंड झाल्यावर पुन्हा उजळला हे नशीब. मग नवऱ्याने घरातले सगळे मोठे एलईडी बल्ब काढून फळीवर ओळीने बसवले. खोलीत लख्ख उजेड, आणि भिंतीवरचं चित्र मात्र पातळ ताकासारखं. मी त्याला समजावलं की एकूण उजेड किती ह्याला अर्थ नाही, त्यातला भिंगातून किती जातो ह्याला आहे. पसरट दिव्याचा उजेड वाटेतच सांडतो. दिवा लहान हवा आणि प्रखर हवा.

“म्हणजे तुझ्यासारखा,” तो म्हणाला.

तसा मिळाला. नखाएवढी पिवळी एलईडी चिप, मागे तिला थंड ठेवायला पितळी रंगाची पन्हाळीदार पाठ आणि पंखा. आम्ही दोघं संध्याकाळी जमिनीवर बसून ती चिप बोटभर पुढे, बोटभर मागे करत असू. मी भिंतीकडे बघायची, तो खोक्यात हात घालून सरकवायचा. मी थांब म्हटलं की तो पेन्सिलने खूण करी. ते दिवस चांगले होते.

एक गोष्ट सुटत नव्हती. चित्राचे कोपरे अंधारे राहत आणि पिवळट दिसत. एका संध्याकाळी धाकटा दीर अचानक आला आणि दाखवा म्हणाला. बाहेर अजून उजेड होता. मी म्हटलं, भाऊजी, जरा अंधार होऊ द्या. तो म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं,” आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसला. दाखवलं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा अंधाऱ्या कोपऱ्यात गेला. सासूबाई विचारत राहिल्या, ते कुठे आहेत, ते कुठे आहेत. नवराही दिरासोबत हसला.

त्यानंतर तो खोक्याजवळ बसला नाही. एका मोठ्या घराची कपाटं हातात आहेत, म्हणाला. शनिवारी सगळ्यांना बोलावलंय हेही त्यानेच सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो असाच आहे, आधी बोलावतो आणि मग साखर आहे का बघतो.

शुक्रवारी दुपारी सासूबाई झोपल्यावर मी खिडक्यांना चादरी लावल्या. टॉर्चमध्ये असतं तसं एक जाड, फुगीर छोटं भिंग मी चिपच्या अगदी तोंडाशी बसवलं होतं, म्हणजे उजेड सांडायच्या आधीच गोळा व्हावा. चित्र लावलं. चारही कोपरे होते. मधल्यापेक्षा किंचित मंद, पण सासऱ्यांच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती. मी उभी राहून ती फीत शेवटपर्यंत पाहिली. मग चित्राच्या चारही कोपऱ्यांशी भिंतीवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि खोक्याखालच्या स्टुलाचे पुढचे पाय फरशीच्या सांध्यावर आणून ठेवले, म्हणजे उद्या धावपळ नको. नवऱ्याला सांगितलं नाही. कोपरे उजळतील तेव्हा मला भिंतीकडे न बघता त्याच्याकडे बघायचं होतं.

शनिवारी सकाळी कॉलेजात परीक्षेचं काम होतं. परत आले तेव्हा त्याने खुर्च्या मांडल्या होत्या, खोलीसुद्धा झाडली होती. दीर, जाऊ आणि मोठी नणंद, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, अंधार पडायच्या बेताला आले. मी खोक्याकडे जाऊ लागले तर नवरा आडवा आला. “आज तू काही करायचं नाहीस. तू फक्त आईशेजारी बस.” मला बरं वाटलं. मी बसले.

चित्र लागलं. मैदान, सायकल, मागून धावणारे सासरे. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. “धावतायत बघ. धोतर सावरत नाहीत ते नाहीतच,” त्या म्हणाल्या. त्यांना दिसत होतं. मी ठरवल्याप्रमाणे नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत नव्हता. ताईकडे बघत होता, आणि ताईने मान हलवली, काम फत्ते झाल्यावर हलवतात तशी.

मग मी भिंतीकडे पाहिलं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्याची माझी पेन्सिलीची खूण सायकलच्या चाकात होती. चित्र तिच्या पलीकडे वीतभर गेलं होतं. वरच्या दोन्ही खुणा आकाशात.

स्टूल हललं असेल, म्हणून मी वाकून पाहिलं. पाय सांध्यावरच होते. एकाच भिंगाने एवढ्याच अंतरावरून एवढंच चित्र येतं. भिंगाला मन नसतं, त्या दिवशी पाहुणे आहेत म्हणून ते हात मोकळा सोडत नाही. मी पांढऱ्या आकाशात किनारी शोधल्या. तांबडी नाही, निळी नाही. कोपरे मध्याइतकेच उजळ होते, आणि ते माझ्या चिपच्या बापाला जमलं नसतं. मला कळलं होतं, तरी मी पुन्हा एकदा पायांकडे पाहिलं.

सासरे वळून आमच्याकडे चालत येऊ लागले तेव्हा दिराने चित्र थांबवायला सांगितलं, कारण त्याला बोलायचं होतं. तो म्हणाला, मानलं वहिनी, शब्द मागे घेतो. जाऊ म्हणाली, आमच्या बेडरूममध्ये असंच एक हवं. दीर म्हणाला, सामान सांगा, मी आणतो, तुम्ही जोडून द्या.

“देईल की,” नवरा म्हणाला. “तिला काय, डाव्या हातचा मळ.”

मी उठून खोलीतला दिवा लावला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. नवरा म्हणाला, आत्ता कशाला, गरम असेल. मी झाकणाचे स्क्रू काढले. आत एक पांढरं, गुळगुळीत, विकतचं यंत्र होतं. ते हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे बसवले होते. ठोकळे मापात कापलेले होते आणि त्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासलेल्या होत्या. पुढची, भिंगाची काळी नळी माझीच होती. तिच्यात काच नव्हती.

मी दिराला सांगितलं, “भाऊजी, हा दुकानात मिळतो. कुठल्या, ते ह्याला विचारा.”

“आयला,” दीर म्हणाला, आणि मग आपल्या भावाकडे बघून हसायचं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही.

ताई मध्ये पडली. “अगं, रागावू नकोस. किती दुकानं हिंडलो आम्ही दोघं. तुझी चारचौघांत फजिती नको म्हणूनच ना?”

मी नवऱ्याला माझं भिंग कुठे आहे विचारलं. तो आत गेला आणि चपलांच्या कपाटातून एक गाठोडं घेऊन आला. भिंग त्याच्या मोज्यात होतं. पडदा वर्तमानपत्रात. पडद्याला जोडलेली वीज आणि चित्र नेणारी पातळ पट्टी मुळातून फाटली होती. काढताना जरा ओढली गेली, तो म्हणाला, मिळेल ना नवी? मिळते. मी ते बोलले नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की जे काल चाललं ते आज मी कोणालाही दाखवू शकत नाही.

“काल दुपारी चालला होता,” मी म्हणाले. “कोपऱ्यांसकट. ह्या खुणा त्याच्याच आहेत.”

मी भिंतीकडे बोट केलं. सगळ्यांनी पाहिलं. पेन्सिलीच्या चार बारीक रेघा होत्या. त्या कशाच्याही असू शकल्या असत्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, आणि त्याच्या वर दया होती. “असेल,” तो म्हणाला. “चालला असेल गं.”

लहान मुलाने ढगात हत्ती दाखवला की आपण म्हणतो, तसं. तो खोटं बोलला असता तर मी भांडले असते. तो मला खरंच समजावत होता. कितीतरी संध्याकाळी मी थांब म्हटलं की तो थांबला होता, आणि त्यातल्या एकाही वेळी त्याला हे जमेल असं वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल तर दिराच्या एका म्हणीने ते संपलं होतं. मला विचारायला तो एकदाही आला नाही. दुकानं मात्र हिंडला.

“काय चाललंय तुमचं?” सासूबाई म्हणाल्या. दिव्याच्या उजेडात भिंतीवरचं चित्र फिकं पडलं होतं आणि त्या त्याच्याकडे मान तिरकी करून, कडेच्या नजरेने शोधत होत्या. “ते येत होते इकडे. मध्येच का थांबवलं?”

मीच दिवा बंद केला आणि बटण दाबलं. सासरे पुढे चालत आले, मोठे होत गेले, आणि कॅमेऱ्यावर हात ठेवण्याआधी हसले. सासूबाईही हसल्या.

“तूच केलंस ना हे?” त्यांनी मला विचारलं.

“नाही, आई. विकत आणलंय.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “छान दिसतंय.”

नवऱ्याने अंधारात सुटकेचा श्वास सोडला. मला तो स्पष्ट ऐकू आला. सासूबाईंनी फीत पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. मी लावली. नवऱ्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी फीत संपेपर्यंत खोक्याजवळ उभी राहिले.