पंधरावा मासा

नदीतल्या माशांच्या जाती मोजायला आलेल्या मॅडमने दिलेल्या फ्लाय रॉडवर, म्हणजे गळाच्या लवचिक काठीवर, आचलने महिनाभरात चौदा जातींचे मासे धरले होते. माशांना फसवायला गळावर कोंबडीच्या पिसाची खोटी माशी ती स्वतः बांधायची, मासा वहीत लिहून परत सोडायची. पण आता पंधरावी जात काही सापडेना, आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. दोनदा दोरी फेकली की पुढचा डोह.

"बस ना पोरी जरा," जाळं धूत असलेला तिचा बाप मनसाराम ओरडला. "या नदीतले सारे मासे मले ठावं आहेत. पंधरावा नाई इथी."

तेवढ्यात तिची माशी काठच्या झुडपात अडकली. ती सोडवताना फांदीवरच्या लाल मुंग्या पाण्यात पडल्या आणि बोटाएवढे मासे त्यांच्यावर तुटून पडले. आचलने घाईघाईने बारीक गळावर मुंगीएवढी माशी बांधली. पहिल्याच फेकीला मासा लागला. शेपटीवर तांबडा ठिपका होता.

"बाबा, हा कोनता?"

मनसारामने तो हातात घेऊन निरखला. एवढासा जीव त्याच्या जाळ्यात कधी राहिलाच नव्हता.

"मले नाई ठावं," तो हळूच म्हणाला.

आचलने मासा सोडला. तिला वाटलं, बाप हिरमुसला. पण तो गुडघाभर पाण्यात उतरला होता.

"थो रॉड आन इकडे. आनखी काय काय सुटलं असन माह्या हातून?"